काउंटर नंबर दोन

विल्होळीच्या अलीकडे, हायवेला लागून,
जिथून पांडवलेण्यांचा डोंगर अर्धाच दिसतो
(उरलेला अर्धा आमच्या घसरगुंडीमागे गेला),
तिथे मी सात वर्षं कपडे भाड्याने देते.
डिपॉझिट दोनशे. ओले परत आणले तरी चालतात,
फाटके नाही.

पाटीवर स्पष्ट लिहिलंय:
साडी, जीन्स, ओढणी, सुती कपडे घालून पाण्यात उतरू नये.
लोक पाटी पूर्ण वाचतात
आणि मग मला विचारतात, ‘ही ओढणी चालेल ना?’
मी म्हणते, अडकते, ताई.
एकदा अडकली होती.
पुढचं सांगत नाही.

‘एक्सेल द्या’ म्हणणारा नवरा पुढे असतो,
आणि मागून तीन बोटं दाखवणारी त्याची बायको.
मी तीन एक्सेल काढते, घडी घालून, नंबर आत.
नवीन लागलेल्या तेजलला पहिल्याच दिवशी सांगितलं,
साइज कागदावर लिहायचा, ओरडायचा नाही.
आपण भाजी विकत नाही.

परवा सिन्नरच्या एमआयडीसीतून सहल आली.
बाहेरचं खाणं आत चालत नाही,
म्हणून बसमध्येच भाकरी-ठेचा उरकून आलेल्या बायका,
नोटांनासुद्धा लसणाचा वास.
सगळ्यांत शेवटी इंदूबाई सांगळे, पॅकिंग खातं,
जांभळी साडी, पदर कमरेला खोचलेला.
‘पाय झाकतील असं काही?’
दिलं.
‘आणि दंड?’
मग मी खालच्या खणातून काढला
काळा, लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा,
जो मी माझ्यासाठी म्हणून बाजूला ठेवलाय.
कधी घातला नाही. असू दे.

अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या.
पदर नाही, हे हाताला अजून कळलं नव्हतं.
हात सारखा खांद्याकडे जायचा,
तिथे काही नसायचं,
मग तो केसांवरून फिरून खाली यायचा,
जणू केसांसाठीच वर गेला होता.

रांगेत पुढे नाशिकरोडची पोरं.
एकाच्या टी-शर्टवर असं काही छापलेलं
की त्याच्या आईने धुताना उलटंच धुवावं.
त्याने मोबाइल उंच धरला, स्वतःकडे,
पण स्वतःच्या मागे कोण आहे ते बघत, हसत.

मी काउंटर सोडून गेले. सहसा जात नाही.
म्हटलं, रामकुंडावर गेलायस कधी?
‘इथलाच आहे, मावशी.’
मग तिथे बायका लुगडं बदलतात तेव्हा
शेजारची माणसं काय करतात?
तो गप्प.
पाठ करतात, मी म्हटलं.
त्याची पाटी लावलीय का कुणी?
‘मी माझाच काढत होतो.’
तुझाच काढ. भिंतीकडे जाऊन काढ, मागे भिंत येऊ दे.

तो पुटपुटला, मित्र खिदळले.
माफीबिफी कुणी मागितली नाही.
मोबाइल मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गेला
आणि पिशवी गळ्यात.

इंदूबाई वर गेल्या.
एक लहान पोरगी कठड्याला घट्ट धरून उभी होती,
मागचे लोक ‘चला, चला’ करत होते.
बाईंनी मागे वळून नुसतं बघितलं.
पॅकिंगच्या बेल्टवर बघत असतील तसं.
पोरगी तिचा वेळ घेऊन जिना उतरली, कुणी हसलं नाही.
मग बाई घसरल्या,
आणि अर्ध्या वाटेवर अशी एक शिवी हासडली
की लाइफगार्डची शिट्टी तोंडातच राहिली.
तीन वेळा गेल्या. शिव्या तीन वेगळ्या.

संध्याकाळी त्या पोराने चड्डी परत केली,
माझ्याकडे न बघता.
पिळून आणली होती.
इथे कुणी पिळून आणत नाही.

बस सुटताना जांभळा पदर जागेवर होता.
इंदूबाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं,
‘अगं, तो काळा कुणाचा होता?’
हॉर्न वाजला, मला उत्तर द्यावं लागलं नाही.

तारेवर साठ-सत्तर सूट ठिबकत होते.
काळा काढून मी खालच्या खणात ठेवला.
वाळला नव्हता अजून.