डावी काच

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा
चेअरमन आपटीकर म्हणाले, "भंगार ठेवायला पार्किंग नाही."
म्हटलं, पार्किंग माझं आहे, भंगारही माझंच.
दोन सीटची हिरवी ट्रायम्फ.
हिरवी म्हणजे आरसी बुकात;
अंगावर बोपोडीच्या शेडमधला वीस वर्षांचा धुरळा
आणि सीटच्या काथ्यात एका उंदरिणीचं बाळंतपण,
कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका कुरतडून केलेलं.

हिचं नुसतं बॉनेट उघडत नाही, पुढचं अख्खं तोंडच उघडतं,
दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखं.
तीस वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये काढली,
मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळायचा,
आणि हिचा एक नट माझ्या पान्यांना दाद देईना.
इंचातली बाई.
जुन्या बाजारात तीन रविवार उकिडवी बसले
तेव्हा कुठे नऊ-सोळांशचा पाना मिळाला,
मुठीवर कुणाची तरी आद्याक्षरं ठोकलेला.

इंजिन जाम.
प्लगच्या भोकांतून डिझेल सोडलं, ऑइल सोडलं.
मग रोज संध्याकाळी पान्यावर वजन टाकायचं.
जोर नाही, नुसतं वजन,
रुसलेल्या माणसाशेजारी न बोलता बसावं तसं.
अकराव्या दिवशी, वर कुकरची दुसरी शिट्टी झाली
आणि खाली ते जवभर हललं.
मी जाऊन गॅस बंद केला. कुणाला सांगितलं नाही.

डाव्या दाराचं पॅड मार्गशीर्षात काढलं.
आतल्या पत्र्यावर पेन्सिलीनं:
"काच अर्ध्यात अडकते. जोर नको.
हातानं उचलून घ्या. गु. तांबोळी, ९-८-७४."
इतकंच. बारीक, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर.
पुढच्या माणसासाठी ठेवलेला निरोप,
आणि पुढचं माणूस यायला पन्नास वर्षं लागली.

नाना पेठेत विचारत गेले.
गॅस्केटच्या दुकानातला म्हातारा म्हणाला,
"गुलाबचाचा? ते कधीच गेले. मुलगा एसी दुरुस्त करतो, कोंढव्यात."
मुलाला फोन केला. तो जरा वेळ गप्प,
मग, "अब्बा घरी कधी काही लिहायचे नाहीत हो.
वाण्याची यादीसुद्धा मीच लिहायचो. फोटो पाठवा."
पाठवला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
रविवारी तो स्वतःच आला, मुलीला घेऊन.
तिनं मोबाइलचा उजेड धरला.
त्यानं अक्षरांना बोट लावलं नाही,
शेजारच्या कोऱ्या पत्र्याला लावलं,
आणि विचारलं, "काच अजून अडकते का?"

अडकते.
दोष मला सापडलाय. एक दात झिजलाय,
लेथवर दुपारभराचं काम.
फ्लोअर नवा घातला, ब्रेक केले, दोन्ही कार्ब्युरेटर
एकमेकांशी बोलायला लागले,
इंगवल्यांनी सीटची शिवण तीनदा उसवून दिली.
ते दुपारभराचं काम तेवढं राहिलंय.

फेब्रुवारीत, पहाटे साडेपाचला, ती पेटली.
एक, तीन, चार, दोन,
पाढा चुकीचा पाठ केलेल्या मुलीसारखी,
पण ठाम.
गेटपाशी येऊन बंद पडली.
टेकडीवरून परतणारे आपटीकर, कानटोपीसकट,
न विचारता मागून ढकलायला लागले,
आणि उतारावर ती पुन्हा बोलली तेव्हा
न विचारताच दार उघडून शेजारी बसले.
"ॲव्हरेज किती देते?"
अजून देत नाही म्हटलं, सध्या घेतेच आहे.
पाषाणच्या रस्त्याला गारठा आत आला.
त्यांनी मफलर आवळला, हँडल धरलं,
फिरवलं, मग चांगलंच पिळलं.

जोर नको, आपटीकर.
हातानं उचलून घ्या.