शुद्धिपत्र

निवृत्तीच्या अर्जात एक रकाना होता,
‘सेवाकाळातील उल्लेखनीय कार्य’.
मी लिहिलं: शुद्धिपत्र, दीड पान.
कारकून म्हणाला, मॅडम, एवढंच?
तुमचे तर एकशे तेरा निबंध आहेत.

दिवाळ्याच्या जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर
हशुरामने मांडीभर चिखलात उतरून
सागाचा खुंटा ठोकला होता.
त्यावर मी पांढऱ्या रंगाने सेंटिमीटर आखले,
नव्या नोकरीतल्या हाताने,
गरजेपेक्षा जरा जास्तच सुबक.
नऊ वर्षं. रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या.
उधाणाला तो रात्री दोनला बॅटरी घेऊन जायचा,
सकाळी वहीत आकडे असायचे,
पानाच्या कडेला चिखलाचा अंगठा.

आकडे चढत गेले. मी आलेख काढला.
आलेखाने मला रॉटरडॅमला नेलं.
तिथे काठी टेकवून मी दाखवलं
खाडी वर्षाला किती चढते ते,
आणि टाळ्या वाजल्या.
समुद्र चढतोय म्हटल्यावर टाळ्या,
आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चांगुणाबाई करंदी निवडत होती.
तिने आलेखाचा कागद उलटा धरला, सुलटा धरला.
“पानी येवरा चरला नाय गो बाय,
तुजा खुटा खाली जेला.”
आणि पुन्हा करंदी.

तीन रात्री झोप नाही.
चौथ्या दिवशी पारसिकच्या कातळापासून
पट्टी उभी करत, वाचत, पुसत, पुन्हा वाचत
आम्ही पातळी खाडीपर्यंत आणली.
खुंटा खचला होता.
निम्मी चढण पाण्याची,
निम्मी आमच्याच पायाखालच्या गाळाची.

सर म्हणाले, निम्मं तरी खरं आहे ना, मग गप्प बस.
मी दीड पान छापलं.
आभारात लिहिलं, श्रीमती चांगुणा हिरा कोळी.
संपादकांनी विचारलं, यांची संस्था कोणती?
कळवलं, दिवाळे बंदर.

मग ते दीड पान हरवलं, आणि सापडलं ते
जनसुनावणीत, एका वकिलाच्या हातात.
धारण तलाव बुजवायचा होता, कडेची तिवरं काढायची होती.
“मॅडमनीच लिहिलंय, समुद्र फारसा चढत नाही.”
मी उभी राहिले. आवाज फुटेना, मग फुटला.
साहेब, पाणी निम्मं वर येतं,
जमीन निम्मी खाली जाते,
उंबऱ्याला दोन्हीचा हिशेब एकच लागतो.
कोणीतरी टिपून घेतलं.
पुढची तारीख पडली.
तलाव अजून आहे. तिवरं थोडी आहेत.
उघाडीची झडप गंजून अर्धी उघडी राहते,
त्याबद्दल मी सतरा पत्रं लिहिली;
ती निबंधांत मोजत नाहीत.

हशुराम गेला. आता आकडे उपग्रहावरून येतात,
चिखल न लागलेले.
खुंट्याचं टोक ओहोटीलाच दिसतं, त्यावर खंड्या बसतो.
माझे पहिले सुबक सेंटिमीटर
खाली गाळात कोणी न वाचता उभे आहेत.

काल सहज गेले होते.
चांगुणाबाई पायरीवर, मोतीबिंदू काढलेली, हिरवा चष्मा.
“आता किती?” तिने विचारलं.
मी हाताने दाखवलं, नातवाच्या हयातीत, इथपर्यंत.
तिने माझ्या हाताकडे नाही, पाण्याकडे पाहिलं,
आणि टोपली उचलून
एक पायरी वर ठेवली.