नरसव्वाचे साठ रुपये

माझे सासरे, आमोस खंडागळे,
अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादरी तपासायचे.
तपासायचे म्हणजे
ढिगातली चादर झटकून टेबलावर टाकायची,
मोर वर आला असेल तर तो खाली करायचा
आणि मग बघायला सुरुवात.
सुलट बाजू त्यांनी कधी तपासली नाही.
"ती गिऱ्हाईक बघतंच," म्हणायचे.

मी तेव्हा सोलापुरात नवा.
बँकेत कारकून, मंडळीत मात्र बडं प्रस्थ.
प्रार्थना करावी ती शांतवन पाटोळ्यानं,
असं पाळकसाहेबसुद्धा म्हणत.
'हे कृपाळू पित्या' अशी मी सुरुवात करायचो
की पंख्याची घरघरसुद्धा दबून जायची.
कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट,
हातात कोपरे झिजलेलं शास्त्र.
(ते मी जुन्या बाजारात घेतलं होतं. झिजलेलंच.)

सुवार्ताला बघायला गेलो तो मे महिना.
पत्रा असा तापलेला की बोलणंसुद्धा नकोसं.
आमोसरावांनी पगार विचारला नाही,
घराणं नाही, मूळ गाव नाही.
"खोली कुठं?"
"जोडभावी पेठेत."
"बरं."
आणि शेंगाच्या चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत असताना
ते माझ्या खोलीवर गेले.
दाराला कुलूप. जिन्याखाली नरसव्वा
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
माझे कपडे तीच धुवायची. तो पांढरा शर्टही.
यांनी म्हणे मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारलं,
पोरगा कसाय?
तिनं दोरा दातानं तोडला.
"मंचोडे. देवाचं फार करतो.
पहाटे इतक्या मोठ्यानं मागतो की माझं लेकरू उठतं.
दोन महिन्यांचे साठ रुपये राहिलेत.
मागायला गेलं की म्हणतो, प्रार्थनेत आहे, नंतर ये."

रविवारी उपासना सुटली.
सगळे एकमेकांना सलाम करत होते.
आमोसराव माझ्याकडे आले. वाटलं, होकार.
त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरलं,
उलटं केलं,
आतली शिवण नीट बघितली
आणि म्हणाले, "साठ रुपये."

मी पेटलो.
साठ रुपड्यांवरून माणूस मोजतात का?
पुढचे तीन रविवार मी आवाज चढवत गेलो.
चौथ्या रविवारी 'हे कृपाळू' म्हटलं
आणि पुढचं काही येईना.
पंखा ऐकू येत होता.
मागून कुणीतरी आमेन म्हणून मला सोडवलं.

त्याच संध्याकाळी जिन्याखाली गेलो.
नव्वद पुढे केले.
नरसव्वानं नोटा बोटाला थुंकी लावून मोजल्या,
तीस परत दिले.
"अरवै. साठच. वरचे कशाचे?"
ते कशाचे होते
हे मला आजही धड सांगता येत नाही.

लग्न झालं. पुष्कळ वर्षांनी सुवार्ताला विचारलं,
बाबांनी मग हो का म्हटलं?
"म्हणाले, तार तुटलीय, पण दिसतेय.
दिसली की गाठ मारता येते.
जी दिसत नाही
ती चादर पेठेतून परत येते."

आमोसराव गेले तेव्हा
कबरीपाशी प्रार्थना करायला मलाच उभं केलं.
चार ओळी बोललो आणि थांबलो.
बाजूच्या कडुनिंबाखाली नरसव्वाचा थोरला उभा होता,
कामावरून तसाच आलेला, केसांत कापसाची तूस.
त्यानं टोपी काढली नाही, कारण टोपी नव्हतीच,
मग नुसताच हात डोक्यावर ठेवला.

आता मी शेवटच्या बाकावर बसतो.
कुणी सांगितलं तर लहानशी प्रार्थना करतो.
लोक म्हणतात, पाटोळे किती बदलले.
घरी येताना सात रस्त्यापाशी
सुवार्ता माझी बाही हळूच उलटी करते.
"लहान प्रार्थनेचाही थोडा गर्व आहे हं तुम्हाला,"
म्हणते,
आणि सिग्नल सुटतो.