उजवं मागचं चाक

इनासची बोलेरो दूधसागरची.
ऑक्टोबर ते मे, दिवसातून दोनदा नदीत उतरते,
दोनदा परत येते, पोटात सात माणसं
लाईफजॅकेट घालून बसलेली.
"मागून गुरगुरते," तो म्हणाला, "चाळीसच्या वर."
बाबांनी मान हलवली.

कुळ्यात सगळे ओळखतात शाबा मिस्त्रीची ही मान.
हलली म्हणजे दुखणं सापडलं.
गेली दोन वर्षं ती
माझ्या तोंडाकडे बघून हलते,
हे मला ठाऊक. आईला थोडंसं.

मी मागे आडवी, कान पत्र्याला.
बाबा मोलेच्या रस्त्याला लागतात.
एक्सिलेटर सोडला, आवाज तोच:
म्हणजे क्राऊन-पिनियन नव्हे.
न्यूट्रलला टाकली, तोच.
उजव्या वळणाला जरा निवला.
डाव्या वळणाला असा उठला
की माझे दात शिवशिवले.
डावीकडे वळताना ओझं उजवीकडे जातं,
शाळेत शिकवायच्या आधीपासून माहीत आहे मला.
आरशात दिसेल असा
मी उजवा हात वर केला.

जॅक लावला. चाक अधांतरी.
वर-खाली धरून हलवलं:
तांदळाच्या दाण्याएवढा खेळ.
मग बाबांनी मोठा पेचकस घेतला,
टोक हाऊसिंगवर टेकवलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
"फिरव."
मी चाक फिरवत राहिले.
कानांनी सोडलेलं काम
जबड्याचं हाड करत होतं.
इनासला वाटलं, म्हाताऱ्याची खोड.
"नाचणीत खडा," बाबा म्हणाले, पेचकस तोंडातच.

प्लग सोडला.
तेल काळं यायला हवं होतं.
आलं ते साय धरलेल्या चहासारखं.
"उदक," बाबा म्हणाले.
इनासने सायबिणीची शपथ घेतली,
अर्ध्या चाकाच्या वर कधी पाणी लागू दिलं नाही.
बाबा वाद घालत नाहीत. ऐकूच येत नाही तर
कशाशी घालणार.
ते खाली सरकले, आंधळ्या बोटांनी
हाऊसिंगच्या डोक्यावरचा ब्रीदर चाचपला
आणि नखाने काहीतरी खरवडून
इनासच्या तळहातावर ठेवलं:
कुंभारमाशीचं घर. चिमूटभर माती,
आत वाळलेला एक कोळी.

तापलेला एक्सल थंड नदीत शिरतो,
आतली हवा आकसते, त्याला श्वास हवा असतो
आणि नाकात बोळा.
मग मिळेल तिथून ओढतो तो,
सीलच्या ओठांतून, नदीच.

दुसऱ्या दिवशी कुडचड्याहून बेअरिंग आलं,
कदंबच्या कंडक्टरच्या हाती, वर्तमानपत्रात गुंडाळून.
शाफ्ट ओढला. जुन्याची रिंग छिन्नीने फोडली;
आतला पत्रा देवीचे व्रण उठल्यासारखा.
धुतलं, पुसलं, परत धुतलं.
नवं सील, नवं गॅस्केट, नव्वद नंबरचं तेल,
बोट बुडवून लागेल तिथवर.
ब्रीदरला हातभर रबरी नळी जोडून
टोक वर डिझेलच्या झाकणाशी बांधलं.
"आता नाक वर," बाबा म्हणाले,
आणि माझ्या ड्रेसला हात पुसले, नेहमीसारखे.

संध्याकाळी फाटकापर्यंत फेरी.
इनास चालवतोय, बाबा शेजारी,
तळवा डॅशबोर्डवर सपाट.
डावीकडे नाही. उजवीकडेही नाही.
इनास शीळ घालू लागला.
पैसे मिळालेत. उद्या सहाला
त्याचा पहिला नंबर आहे.

आणि मग, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना,
पुढून कुठून तरी, अगदी बारीक,
ओल्या काचेवर सुई ओढल्यासारखं.
इनासने ऐकलं नाही, शीळ चालू.
मी गप्प. मी खिडकीबाहेर बघितलं,
सुपारीच्या बागेकडे, कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे.

बाबा मागे वळले होते.
किती वेळ बघत होते कोण जाणे.
"इनास," ते म्हणाले, "गाडी बाजूक घे."