अर्धी उशी

लग्नसराईच्या आठ दिवस आधी
हिरामण माळ्यावरून मोठा ड्रम उतरवतो.
घणसोली गावठाणातल्या आमच्या खोलीत तो मावत नाही,
म्हणून माझी शिलाई मशीन बाहेर, ओटीवर,
आणि अर्ध्या पिकोच्या साडीसकट मी तिच्यामागे.

बावीस इंची. कडेला मागच्या हळदीचा पिवळा डाग,
त्याच्याही मागच्या हळदीचा त्याच्याखाली.
जुनं कातडं (आम्ही कातडंच म्हणतो, असतं प्लास्टिक)
मधोमध पांढरं पडून खोल गेलेलं,
शंभर वरातींनी एकाच जागी टाच ठेवल्यासारखं.

नवं चढवलं. आठ बोल्ट आधी नुसत्या बोटांनी,
मग चावीनं अर्धा आटा,
आणि लगेच त्याच्या समोरचा, अर्धा आटा.
"शेजारचा नाय पिळायचा, वाकरं बसतंय."
हे मला कुणी शिकवायला नको.
बाही जोडताना मीही गोल गोल जात नाही,
वर एक टाका, खाली एक, मग समोरासमोर,
नाहीतर काखेत चुणी राहते ती राहतेच.
चुणी गेली की वर पाव आटा. बास.

त्यानं एकेका बोल्टाजवळ बोट टिचकावलं,
कान लावून, गल्लीतल्या पोरांना गप्प करून.
तिसऱ्याजवळ सूर चढा होता. मलाही कळलं.
मी बोलले नाही. त्यानं सैल केला.

मग पेडल दाबलं
आणि ड्रम ढूंऽऽऽम करत बसून राहिला.
फळीवरची पातेली बोलली,
हौसाबाईंच्या पडवीचा पत्रा बोलला.
"मना ठोसा पायजे," तो म्हणाला,
"ह्यो त गोडाऊनचा दरवाजा."

पुढच्या कातड्याच्या भोकातून कोंबाकोंबी सुरू झाली:
माझी उशी, त्याची शाल,
पोराचा शाळेचा स्वेटर, दोन टॉवेल.
आता आवाज आला तो
पुठ्ठ्याच्या खोक्याला लाथ घातल्याचा.
पुन्हा मारून बघितलं. पुन्हा खोकंच.
तळवलीची सुपारी परवावर आलेली,
कीबोर्डवाला रुपेन फोनवर विचारतोय, झालं का,
आणि हा मांडीवर चावी घेऊन
भोकात बघत बसलेला.

मी मशीनवरून उठले.
टॉवेल काढले, स्वेटर काढला, शाल काढली.
उशीची एक कड उसवली
आणि अर्धा कापूस पिशवीत काढून घेतला.
"माझी होती," मी म्हणाले. नुसतं आपलं सांगितलं.
परत शिवली, लांबट, चपटी,
आतून दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल अशी.
दाबायचं नाही, टेकायचं.
अस्तर असंच घालतात.
जुन्या जीन्सच्या खिशाचा एक गोल कापला
आणि जिथे बीटर आपटतो तिथे चिकटवला.

"मार आता."

धप्.
तेही बरोबर नाही, ते लिहिता येत नाही.
आला, बरगडीखाली बसला आणि निघून गेला,
पुढच्याला जागा करून.
पातेली गप्प.
हौसाबाई दारात येऊन:
"काय फुटला गो?"

तळवलीला नवरीचा काका,
गुडघ्याला पट्टा, नाचायला डॉक्टरची मनाई,
एकेका ठोक्याला खुर्चीसकट पुढे सरकत होता.
दहाला पोलीस आले तेव्हा
तो मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचला होता.

आता आखाड. सुपाऱ्या नाहीत.
ड्रम खोळ घालून माळ्यावर, उशी परत माझ्याकडे,
मध्ये खळगा पडलेली,
गंजाचा आणि हळदीचा वास येणारी.
कापसाची पिशवी खुंटीला तशीच आहे,
रोज भरायची म्हणते, राहून जातं.

रात्री झोपेत हिरामणची बोटं
माझ्या खांद्याच्या कडेकडेनं टिचक्या मारत फिरतात,
एक इथे, लगेच एक समोर.
तिसऱ्या टिचकीला मी म्हणते,
लागला. झोप.