पुरे

शीतखोलीत चार अंश.
बाहेर तार्तूत उणे एकोणीस,
म्हणून हेल्वे आत शिरताना म्हणते, चला, उबेला आले.

नळीतलं विकर दहा पाकळ्यांचं.
त्याच्या दोन्ही तोंडांना येऊन चिकटतं
पाच पाकळ्यांचं एक चिमुकलं प्रथिन.
स्वतः काही घडवत नाही ते.
हेल्वेने वहीत त्याचं नाव लिहिलंय: शेजारीण.

सहघटक साठला, की शेजारीण विकराला दाबून धरते:
पुरे.
फेनिलअ‍ॅलनिन वाढलं, की तीच,
त्याच जागी बसून, त्याच हातांनी:
थांबलंस का? होऊ दे अजून.

तेरा वर्षं हेल्वे हे एवढंच ऐकतेय.
नमुना निळा उजळतो, किंवा उजळत नाही.
कागदावर उरते एक वाकडी रेघ.

भाऊ उर्मस सकाळी धडधाकट चालायचा.
संध्याकाळी एमायोगीच्या पुलावर
त्याचा डावा पाय आत वळायचा.
मास्तर म्हणाले, ढोंगी.
आई म्हणाली, दमलाय.
दिवसभरात त्याच्यातलं काहीतरी
चिमूटचिमूट संपत जायचं,
आणि ते भरून काढणारं विकरच अधू,
शेजारणीने कितीही ढोसलं तरी.

आता अर्धी गोळी सकाळी, अर्धी दुपारी.
उर्मस गोठलेल्या तळ्यावर चालत जातो,
बर्फाला भोक पाडून मासे धरतो,
आणि रविवारी बहिणीच्या ताटात वाढत राहतो
तिने हात आडवा धरेपर्यंत.

धरल्यावरही
एक तुकडा.