डॅफ्ट

कोशात पाहिलं तर एका ओळीत आटपतं :
डॅफ्ट, विशेषण. मूर्ख, खुळचट, अर्धवट.
पण यॉर्कशरातल्या थ्रॉसगिलमध्ये हा शब्द
कुणी असा इस्त्री करून घालत नाही.
तो दारामागच्या खुंटीवर लोंबतो, ओल्या कोटासारखा,
कोपरांवर विरलेला,
आणि घरातल्या कुणालाही बसतो.

पावसावर भुंकणारं कुत्रं डॅफ्ट.
फेब्रुवारीतच फुलून बसलेलं प्लमचं झाड डॅफ्ट,
आता भोगेल आपल्या कर्माने.
मेंढ्या मोजायला आलेला सरकारी साहेब मात्र
डॅफ्ट नव्हे. त्याच्यासाठी वेगळे शब्द आहेत,
ते चर्चच्या आवारात उच्चारत नाहीत.

माझी घरमालकीण हेटी सग्डन.
तिने हा शब्द नवऱ्यावर
एकोणपन्नास वर्षं वापरला.

ऑस्वल्ड भिंती रचायचा, चुन्याशिवाय, मातीशिवाय,
दगडावर दगड, मध्ये फक्त वजन आणि अंदाज.
हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही,
त्याची जागा सापडेपर्यंत,
हा त्याचा नेम.
त्यामुळे कधीकधी जेवायलाही दगड घेऊनच यायचा.
हेटी म्हणायची, "डॅफ्ट,"
आणि ताटाशेजारी दगडासाठी
कालचं वर्तमानपत्र अंथरायची.

प्रत्येक भिंतीच्या पायाशी तो एक भोक ठेवी,
वीतभर, सशाला जाण्यापुरतं.
शेतमालक ओरडला : मी पैसे भिंतीचे देतो, भोकाचे नाही.
ऑस्वल्ड म्हणाला, "सशाची वाट आधीची आहे."
त्या भिंतीचे पैसे बुडाले ते बुडालेच.
भर बाजारात हेटीने कपाळाला हात लावला, "डॅफ्ट!"
त्याच रात्री दिवा मालवल्यावर
तोच शब्द भिंतीपलीकडून हळू ऐकू आला,
असा शेजारच्या मिसेस मेटकाफचा दावा.
अर्थ तिने सांगितला नाही.

नोव्हेंबरात ऑस्वल्ड गेला.
पाद्री नवा, दक्षिणेकडचा, कागदावरून वाचत होता :
सौम्य, कष्टाळू, शेजारधर्माला जागणारा...
पहिल्या बाकावरून हेटी उभी राहिली.
"कुणाबद्दल चाललंय हे?
तो डॅफ्ट होता. तेवढंच राहिलंय तुमच्या कागदात."
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं,
मग बराच वेळ नाकं शिंकरल्याचे आवाज.

चहाच्या वेळी शाळेतल्या मिस ऑल्डरसन सांगू लागल्या,
हजार वर्षांमागे हा शब्द मूर्ख नव्हताच.
अर्थ होता : नम्र, मवाळ, जागच्या जागी बसणारा.
त्याच मुळातून दुसरा निघाला, डेफ्ट,
म्हणजे हाताचा कसबी, सफाईदार.
सख्खे भाऊ दोघे.
एकाचं नाव झालं, एकाचं हसं.

मी आपली मराठी चाचपली.
मूर्ख लांबच उभा राहिला, पंतोजीसारखा.
खुळा आला, वेडा आला,
भोळा तर अगदी शेजारी येऊन बसला,
पण एकाच्याही हातात दगड नव्हता.

हेटीने सगळं ऐकून घेतलं. कपात दोन चमचे साखर घातली.
"मला यातलं काय म्हणायचं असायचं," ती म्हणाली,
"ते आता आठवत नाही."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर अजून एक दगड आहे,
त्याने शेवटचा आणलेला.
एका बाजूने चपटा, दुसरीकडे पोट सुटलेलं,
कुठल्याच भिंतीत सहजी न बसणारा.
दर सोमवारी ती खालचा कागद बदलते.
तेव्हा तो शब्द एकदा ऐकू येतो, जिन्यापर्यंत.
दगडाला म्हणते, त्याला, की स्वतःला,
हे विचारायला मी अजून खाली गेलेलो नाही.